स्टेपनीचं बिऱ्हाड

आमच्याकडे पिकअप ट्रक आहे हे मंडळात कळलं, त्या दिवसापासून आमच्या शनिवार-रविवारचे मालक बदलले. गणपतीचं मखर, कोजागिरीची पातेली, एकांकिकेतला सोफा, कार्यकारिणीतल्या कुणाच्या तरी मुलीचं हॉस्टेलचं सामान. "तुमचा ट्रक आहेच ना!" या चार शब्दांपुढे आमचं आजवर काही चाललेलं नाही. पण मंडळी, आजचा विषय मंडळ नाही. आजचा विषय आहे ट्रकचं पाचवं चाक. ते कुठे ठेवावं या एका प्रश्नाने आमच्या घरात वर्षभर जेवढी चर्चा झाली तेवढी मुलाच्या कॉलेजबद्दलही झालेली नाही.

आधी शब्दाबद्दल. आपण जिला स्टेपनी म्हणतो तिला इथे कुणी ओळखत नाही. एम. एस. ला आल्यावर पहिल्याच वर्षी ओहायोतल्या एका गॅरेजमध्ये आम्ही "व्हेअर इज द स्टेपनी?" असं विचारलं, तेव्हा तो भला गृहस्थ आम्हांला रस्त्याचा पत्ता शोधून द्यायला निघाला. त्याचं अगदीच चुकलं नव्हतं म्हणा. वेल्समधल्या लानेली गावात खरोखरच स्टेपनी नावाचा रस्ता आहे, आणि तिथे डेव्हिस बंधूंनी १९०४ साली मोटारीसाठी जादा चाक बनवायला सुरुवात केली. त्या काळी मोटारी जादा चाक न घेताच निघत. डेव्हिस यांची युक्ती म्हणजे टायर चढवलेली एक नुसती कडी, स्पोक वगैरे काही नाही. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून क्लॅम्पने अडकवायची आणि गाडी पुढे हाकायची. आज ती कडी कुणाला आठवत नाही, पण नाव आपल्याकडे राहिलं. ब्राझीलमध्येही राहिलं, तिथे त्याला 'एस्तेपी' म्हणतात.

आता आमच्या ट्रकचं. मधल्या आकाराचा, चार दारांचा, मागे पाच फुटांचा बेड. कारखान्यातून आला तेव्हा त्याला २६५/७०आर१७ मापाचे टायर होते. हे आकडे पुष्कळांना गूढ वाटतात, पण हिशेब सोपा आहे. टायरची रुंदी २६५ मिलिमीटर. रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची तिच्या ७० टक्के, म्हणजे १८५ मिलिमीटर. आणि रिम १७ इंचांची. वर-खाली दोन्हीकडची उंची धरून चाकाचा व्यास येतो साधारण ३१.६ इंच. आम्ही कॅलिफोर्नियात आलो, वाळवंटाचा नाद लागला, आणि शेजाऱ्याच्या ट्रककडे बघून बघून आम्हीही २८५/७०आर१७ घातले. व्यास ३२.७ इंच. म्हणायला सगळे त्याला तेहेतीस इंची म्हणतात. इंचभराचा तर फरक! स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी बासष्टने धावते, एवढंच काय ते.

टायर चारच घेतले. पाचवा कारखान्यातला, जुना, बेडच्या खाली दोन फ्रेमच्या मधे तारेला टांगलेला, तो तसाच राहू दिला. चार टायरचे पैसे मोजल्यावर पाचव्याची आठवण कुणाला होते? गाडीच्या कॉम्प्युटरलाही होत नाही. २००७ नंतरच्या इथल्या सगळ्या नव्या गाड्यांना टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा कायद्यानेच लागते, पण ती जमिनीवरच्या चार चाकांची. खाली लटकणाऱ्या पाचव्याची चौकशी करायचं बंधन कुणावर नाही.

आणि मग तो डिसेंबर आला.

आमचे वडील, आण्णा, सांगलीहून आले होते. वय शहात्तर. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलेलं, त्यातली वीस वर्षं सरकारी जीपमध्ये. त्यांना डेथ व्हॅली दाखवायची आणि तिथलं रेसट्रॅकही दाखवायचं असं आम्ही ठरवलं. रेसट्रॅक म्हणजे एक सुकलेला तलाव. त्याच्या सपाट चिखलावर मोठमोठे धोंडे आपल्यामागे लांब चरे सोडत सरकलेले दिसतात. ते कसे सरकतात हे कोडं कितीतरी वर्षं सुटत नव्हतं. २०१३ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांनी ते प्रत्यक्ष सरकताना पाहिले आणि २०१४ मध्ये निबंध छापला: रात्री पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो, सकाळी तो फुटतो, आणि हलक्या वाऱ्याने सरकणारे त्याचे पत्रे धोंड्यांना ढकलत नेतात. आण्णांनी हे ऐकल्यापासून दुसरा विषय काढला नव्हता.

उबेहेबे क्रेटरपाशी डांबरी रस्ता संपतो. तिथून पुढे सत्तावीस मैल कच्चा, धारदार खडीचा रस्ता. मोबाइल चालत नाही. टायर चांगले असू द्या, पूर्ण आकाराचं जादा चाक घ्या, असं नॅशनल पार्कवाले परोपरीने सांगतात. तिथे टो ट्रक बोलवायचा तर हजार डॉलरच्या पुढचा मामला. आम्ही सगळं वाचलं होतं. जाताना काही झालं नाही. धोंडे बघितले, चिवडा खाल्ला. वाटेत टी-केटल जंक्शन लागतं, तिथल्या पाटीवर लोकांनी किटल्या टांगल्या आहेत. तिथे फोटो काढले. परत येताना, डांबरी रस्ता बारा मैल राहिलेला असताना, मागच्या उजव्या चाकातून 'फुस्स' असा आवाज आला आणि ट्रक एका अंगाला बसला. टायर बाजूने, भिंतीत फाटला होता. तिथे प्लग लागत नाही. तीन वाजून गेले होते. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराची सावली त्याच्या बरीच आधी येते. आण्णांना संध्याकाळी इन्शुलिन आणि त्यावर वेळेवर जेवण. इन्शुलिन बरोबर होतं. जेवण मुक्कामाच्या ठिकाणी होतं.

आण्णा खाली उतरले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि एकच प्रश्न विचारला: "अरे, स्टेपनीत हवा बघितली होतीस का?"

नव्हती बघितली. तार सोडून चाक खाली घेतलं, गेज लावला, तर १८ पौंड. हवी होती पस्तीसच्या वर. सुदैवाने सिगरेट लायटरवर चालणारा छोटा पंप होता; तो वीस मिनिटं कण्हत राहिला.

पुढची अडचण इंजिनियरची होती. हे चाक ३१.६ इंचांचं, बाकीची ३२.७ ची. हिशेब करा: धाकटं चाक मैलाला ६३८ फेरे घेणार, थोरलं ६१७. एकाच अॅक्सलवर एका बाजूचं चाक दर मैलाला एकवीस फेरे जादा फिरणार. साधा डिफरन्शियल हे सहन करतो, त्याचं कामच ते. पण आमच्या मागच्या अॅक्सलला लिमिटेड स्लिप होता. तो दोन्ही बाजूंना बरोबर फिरवू बघतो, आणि अशा जोडीला आतल्या आत घासत राहतो. फोर-व्हील लावायची तर पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना बांधले जातात, म्हणजे आणखीच ओढाताण. म्हणून शहाणपणाचा मार्ग असा: धाकटं चाक पुढे लावायचं, तिथला डिफरन्शियल साधा, पुढचं चांगलं चाक काढून मागे न्यायचं, आणि टू-व्हीलवरच सावकाश जायचं. पंक्चर एक, चाकं बदलायची दोन.

जॅक खडीत रुतायला लागला. खाली ठेवायला फळी नाही. तेव्हा आमच्या सौ.ने मागच्या सीटखालून पोळपाट काढून दिला. आण्णांना ब्रेड चालत नाही म्हणून सांगलीहून आलेला सागवानी पोळपाट सहलीला बरोबर घेतला होता. दोन टनांचा ट्रक दोनदा त्या पोळपाटावर उभा राहिला. आण्णा टॉर्च धरून नट मोजत होते, "पाच... सहा... आवळलास का? परत आवळ." डांबरी रस्ता लागला तेव्हा मिट्ट काळोख झाला होता. आण्णांचे हात थरथरत होते. थंडीने की साखर उतरून, ते आम्हांला कळेना. सौ.ने दशमी आणि गुळाचा खडा त्यांच्या हातात दिला. थोड्या वेळाने त्यांनी धोंड्यांचा विषय पुन्हा काढला, तेव्हा आमचा श्वास खाली बसला.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत तेहेतीस इंची पाचवं चाक आणलं. बाथरूममधल्या काट्यावर फळी ठेवून वजन केलं: रिमसकट ८४ पौंड, म्हणजे ३८ किलो. आता याचं बिऱ्हाड कुठे थाटायचं?

पहिला विचार अर्थात जुन्याच जागेचा. बेडखालची जागा चांगली: वजन खाली राहतं, बेड मोकळा राहतो. पण ती जागा मापून दिलेली असते. पुढे अॅक्सल, मागे हिचची नळी, एका बाजूला सायलेन्सरचा पाइप. हवा सोडून आम्ही चाक वर ओढलं तर ते बसलं, हवा भरली तर हिचवर दाबून बसलं, आणि पाइपपासून फट उरली बोटभर. शिवाय चाक जाड असल्याने आधीपेक्षा खाली लोंबायला लागलं. धोंड्यावरून जाताना पहिला मार त्यालाच. काही कंपन्या हे आधीच ओळखून जागा ठेवतात. जीप ग्लॅडिएटर काढली तेव्हा ३५ इंची चाक खाली मावेल अशी तजवीज त्यांनी केली होती. आमच्या ट्रकच्या बापाने तशी केली नाही.

खालच्या जागेवर आमचा आणखी एक राग आहे. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथला आमचा पहिला, सेकंडहँड पिकअप पंक्चर झाला तेव्हा चाक धरून ठेवणारी तार इतकी गंजली होती की चाक खालीच येईना. शेवटी करवतीने कापली. न येणं परवडलं, आपोआप येणं वाईट. २००९ साली टोयोटाने २००० ते २००३ या मॉडेलचे सुमारे एक लाख दहा हजार टुंड्रा ट्रक परत बोलावले होते, थंड प्रदेशातल्या वीस राज्यांतले आणि वॉशिंग्टन डी. सी. मधले. ज्या आडव्या पट्टीला जादा चाक टांगलेलं असतं तीच गंजून चाक भर रस्त्यात पडण्याची भीती होती. मागून येणाऱ्याचा विचार करा! तुमच्यापैकी जे मिशिगन, न्यूयॉर्क, ओहायोत आहेत त्यांनी या रविवारी खाली वाकून ती तार एकदा बघाच. हँडल घालून चाक जमिनीपर्यंत उतरवा आणि पुन्हा चढवा. उतरत नसेल तर ते घराच्या अंगणात कळलेलं बरं.

छपराचा विचार आम्ही पाच मिनिटांत सोडला. ८४ पौंड सात फुटांवर चढवणार कोण? आम्ही चाळिशी ओलांडली आहे. जुन्या लॅंडरोव्हरला चाक बॉनेटवर असे. आमच्या बॉनेटचा पत्रा हाताने दाबला तरी आत जातो. टेलगेटवर लावावं तर ते दोन दोऱ्यांवर खाली उघडतं. त्यावर चाक लटकवून खड्ड्यातून गेल्यास बिजागऱ्या किती दिवस टिकतील हे सांगायला एम. एस. लागत नाही.

मागे बंपरला बाहेर, दारासारखा उघडणारा हात लावून त्यावर चाक बसवतात. हे दिसतं फार झोकात, आणि मुलाचं मत यालाच होतं. पण आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो पोलादी बंपर आणि चाक मिळून २४० पौंड धरा. हे वजन मागच्या अॅक्सलच्या ५२ इंच मागे लटकणार. दोन अॅक्सलमधलं अंतर १२७ इंच. सी-सॉसारखं ते पुढची बाजू उचलतं: २४० गुणिले ५२ भागिले १२७, म्हणजे पुढच्या चाकांवरून ९८ पौंड कमी होतात आणि मागच्यांवर ३३८ चढतात. पुढची चाकं गाडी वळवतात, ब्रेक लावताना भार घेतात. त्यांचाच भार काढून घ्यायचा? त्यात पुन्हा टेलगेट उघडायचं तर आधी तो हात बाजूला करा. हिचमध्ये खोचायचा स्टँड मिळतो, तो स्वस्त; पण त्या नळीत थोडी फट असतेच, आणि कच्च्या रस्त्यावर ८४ पौंडांचा खुळखुळा मागे वाजत राहतो. शिवाय दोन्हींत नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाणार नाहीत हे बघायला हवं, आणि मागचा कॅमेराही. मे २०१८ पासून इथे तो प्रत्येक नव्या गाडीला सक्तीचा आहे. चाक त्याच्यासमोर आलं तर पडद्यावर फक्त रबर दिसतं.

राहता राहिला बेड. आडवं टाकलं तर पाच फुटांतले पावणेतीन फूट गेले. उभं, केबिनच्या मागच्या भिंतीशी लावलं तर जाते फक्त फूटभर पट्टी. वजन अॅक्सलच्या पुढे येतं, चोरापासून कुलूप लावता येतं, चिखल लागत नाही. खिडकीचा उजवा भाग झाकला जातो, हे खरं. केबिनच्या माथ्यावरचा तिसरा ब्रेकलाइट (१९९४ च्या मॉडेलपासून तो पिकअपलाही लागतो) मात्र वरून दिसत राहतो. आम्ही मुलाला मागे वीस फुटांवर उभं करून खात्री केली. २०२४ साली शेव्हर्लेने कोलोरॅडो झेड-आर-टू बायसनला ३५ इंची टायर दिले तेव्हा त्यांनीही जादा चाक बेडमध्येच ठेवलं. एवढ्या मोठ्या कंपनीला दुसरी जागा सापडली नाही, तर आम्ही कोण?

एका गोष्टीत मात्र कंजुषी करू नका. हे चाक तुमच्या डोक्यापासून तीन फुटांवर आहे, मधे फक्त काच. गाडी ताशी साठ मैलांनी जात असताना सुटलेलं ३८ किलोचं चाक म्हणजे बाराव्या मजल्यावरून खाली सोडलेलं चाक. हिशेब करून बघा, वेग तोच येतो. टक्कर झाली आणि वीस जी चा धक्का बसला तर त्याचं वजन क्षणभर सोळाशे ऐंशी पौंड होणार. पाचशे पौंडांचा पट्टा बांधून "बांधलंय की" म्हणणारे आम्ही पुष्कळ बघितले आहेत. आमचं चाक पोलादी पट्टीवर तीन स्टडला नटांनी बसवलेलं आहे, आणि त्या पट्टीचे बोल्ट बेडच्या नुसत्या तळाला नाहीत, खालच्या आडव्या पट्ट्यांना आहेत, मागे जाड वॉशर घालून.

झालं, असं आम्हांला वाटलं. पण ऑगस्ट उजाडला आणि मंडळाचा फोन आला. मखराच्या प्लायवूडचे पत्रे चार बाय आठचे. आधीच टेलगेट उघडं टाकून ते बाहेर यायचे, आता चाकामुळे आणखी फूटभर. "एक चाक काढायला असा किती वेळ लागतो हो?" लागतात दहा मिनिटं. काढलं. गॅरेजमध्ये ठेवलं. गणपती आले, नाचले, गेले. पुढे नोव्हेंबरात आम्ही आन्झा-बोरेगोच्या वाळवंटात कच्च्या रस्त्याला लागलो, आणि आरशात बघितलं तर मागची खिडकी लख्ख मोकळी. चाक गॅरेजमध्येच! पंक्चर झालं नाही, पण सौ. परतीच्या वाटेत एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या जीपची स्टेपनी बाजूला, उघड्यावर असायची. चढता-उतरता गुडघा लागायचा. त्यामुळे ड्रायव्हर रोज तिच्यावर एक लाथ मारून बघायचा." यावर आम्ही दोन दिवस विचार केला. मग मखराचे पत्रे मधे कापले, बिजागऱ्या लावल्या, घडी घातली की चार बाय चार. कार्यकारिणीत थोडी कुरकुर झाली. मखराला मधोमध रेघ दिसते म्हणे. तिथे आता झेंडूची माळ सोडतात.

चाक तेव्हापासून हललेलं नाही. गेल्या गणपतीत त्याच्या पोकळीत नारळांचं पोतं अगदी चपखल बसलं. दसऱ्याला ट्रकची पूजा झाली तेव्हा मुलाने पाच हार आणले होते. पोळपाट ट्रकमध्येच असतो, मधे जॅकचा गोल वळ उठलेला. स्वयंपाकघरासाठी आण्णांनी दुसरा पाठवला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सांगलीहून फोन येतो. तब्येत, पाऊस, नातवाचा अभ्यास हे सगळं झाल्यावर ते जरा थांबतात, आणि आम्ही गेज हातात घेऊनच बसलेलो असतो.

"किती?"

"अडतीस, आण्णा."